‘घृतभावित कुंभ’ : आसवारिष्टविधींतील पात्रसंस्कार व जलशुद्धि

वैद्यक पोथ्यांचीं पानें चाळणाऱ्या संशोधकांचें लक्ष सामान्यतः तीन गोष्टींकडे असतें : ग्रंथकाराचें नांव, लेखनकाल आणि पाठभेद. आसवारिष्टांचें प्रकरण आलें म्हणजे द्रव्यांचीं नांवें व मानें ताडून पाहून आपण पुढें जातों. या प्रकरणांत पुष्कळशा योगांच्या शेवटीं एक लहानसें सप्तम्यंत पद येतें : कोठें ‘घृतभाजने’, कोठें ‘घृतभाविते कुम्भे’, कोठें ‘धूपिते कलशे’. हें पद श्लोकाचा चरण भरून काढण्यासाठीं योजिलेलें असावें, अशा समजुतीनें तें वाचलें न वाचलें केलें जातें. मराठी भाषांतरकार तर तें बहुधा गाळूनच टाकतात. माझ्या मतें त्या विधीचा प्राण या पदांत आहे. प्रस्तुत लेख या एका पदाविषयीं व त्याच्या जोडीनें येणाऱ्या पाण्याविषयीं आहे.

या विषयाकडे मी वळलों तो विद्वत्तेच्या मार्गानें नव्हे, फजितीच्या मार्गानें. धामणगांव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा) येथें निवृत्तीचा काळ घालवीत असतां एका परवानाधारक वैद्यमित्राच्या औषधशाळेंत द्राक्षारिष्ट करण्याचा प्रसंग आला. त्यांच्याकडे चिनी मातीच्या मोठ्या बरण्या आहेत. परंतु मातीच्या पात्रांत हें काम पूर्वीं कसें होत असे, तें पाहावें अशी मला हौस. हाताशीं एक छापील मराठी पुस्तिका होती. तींत मनुका, गूळ, प्रक्षेपद्रव्यें, पाणी सर्व कांहीं दिलें होतें. पात्राविषयीं मात्र ‘मडक्यांत भरून तोंड बांधावें’ एवढेंच. त्याप्रमाणें बाजारांतून नवें मडकें आणलें, विहिरीच्या पाण्यानें विसळलें आणि क्वाथ त्यांत भरला. चार दिवसांत मडक्याच्या पोटाला घाम फुटला व खालच्या वाळूंत चिकट ओल उतरली. पंधराव्या दिवशीं वर पांढरी साय धरली आणि झांकण काढतांच शिरक्यासारखा आंबट दर्प आला. पांच किलो मनुकांचा ऐवज उकिरड्यावर गेला. मित्र हंसले. मीं घरीं येऊन मूळ ग्रंथ उघडले आणि आसवारिष्टांचे योग एकापुढें एक वाचून काढले, तेव्हां कळलें कीं, ग्रंथकारांना अभिप्रेत असलेलें मडकें आणि मीं बाजारांतून आणलेलें मडकें या दोन निराळ्या वस्तु आहेत.

प्रथम ‘भावित’ या शब्दाचा विचार करूं. वैद्यकांत ‘भावना’ हा पारिभाषिक शब्द आहे. एखादें चूर्ण विशिष्ट रसानें भिजवावयाचें, सुकवावयाचें, पुन्हां भिजवावयाचें, अशा आवृत्तींनीं तो रस चूर्णाच्या अंगीं मुरवावयाचा, ही भावना. म्हणून ‘घृतलिप्त’ आणि ‘घृतभावित’ हे पर्याय नव्हेत. लेप पृष्ठभागावर राहतो; भावना आंत जाते. न भाजलेल्या वा कमी भाजलेल्या मातीचें तर असोच, परंतु चांगलें खणखणीत भाजलेलें मडकेंहि अंगानें सच्छिद्र असतें. पाणी गार होतें तें याच गुणामुळें. पाण्याच्या माठाला जो गुण तोच संधानपात्राला दोष होय. गोड रस छिद्रांवाटे झिरपतो, बाहेर वाळतो, त्यावर बुरशी येते. आणि आंतल्या बाजूस प्रत्येक छिद्र म्हणजे कुसळ धरून बसणाऱ्या जंतूंचें बीळ होतें, जेथें कुंचा पोंचत नाहीं व राखहि पोंचत नाहीं. तूप त्या छिद्रांत मुरून तीं बुजवतें. ‘घृतभावित’ म्हणजे ज्याच्या अंगांत तूप मुरविलें आहे असें पात्र, हाच अर्थ घ्यावा लागतो.

मग ‘घृतभाजन’ म्हणजे काय? चरकाच्या अर्शचिकित्सेंतील अभयारिष्ट प्रसिद्ध आहे. क्वाथ चतुर्थांश उरवून, गाळून, निवाल्यावर त्यांत दोनशें पल गूळ घालावा व तो एक पक्ष घृतभाजनांत ठेवावा, असा त्याचा विधि आहे. घृतभाजन म्हणजे शब्दशः तुपाचें भांडें. येथें दोन अर्थ संभवतात : तूप चोळून तयार केलेलें भांडें, किंवा ज्यांत वर्षानुवर्षें तूप सांठविलें गेलें तो घरचा जुना बुधला. मला दुसरा अर्थ अधिक स्वाभाविक वाटतो. ज्या घरीं असा बुधला होता त्याला निराळी भावना देण्याचें कारणच नव्हतें. काळानें ती दिलेलीच असे. ज्याच्या घरीं नव्हता त्यानें नवा कुंभ घेऊन तो ‘भावित’ करावा. म्हणजे हीं दोन पदें परस्परविरोधी पाठ नसून एकाच स्थितीला पोंचण्याच्या दोन वाटा ठरतात. पाठनिर्णय करणारांनीं एकाच्या जागीं दुसरें बसवून पाठ ‘शुद्ध’ करण्याच्या फंदांत पडूं नये.

सुश्रुतानें विरेचनद्रव्यांच्या अध्यायांत आसव सांगतांना कलशाला ‘कृतसंस्कार’ असें विशेषण दिलें आहे. कोणता संस्कार, हें तेथें सांगितलेलें नाहीं. वैद्याला तें ठाऊक आहे असें गृहीत धरलें आहे. आपल्या शास्त्रग्रंथांची ही रीतच आहे. जें रोजच्या हातचें तें लिहीत बसावयाचें नाहीं, आणि मग हातच गेले म्हणजे लिहिलेलें तेवढें अर्थहीन उरतें.

आतां धूपनाकडे वळूं. चरकाच्या ग्रहणीचिकित्सेंतील मध्वरिष्टासाठीं सांगितलेला कलश नवा हवा, त्याला आंतून पिंपळी व मध यांचा लेप हवा आणि अगुरूची धुरी दिलेली हवी. ही धुरी केवळ सुगंधासाठीं, असें म्हणून पुष्कळ जण मोकळे होतात. सुगंध येतो हें खरें; परंतु पात्राला धुरी देण्याची चाल वैद्यकापेक्षां फार जुनी आहे. अग्निचयनांतील उखा आणि प्रवर्ग्यांतील महावीर या मातीच्या पात्रांना भाजण्यापूर्वीं घोड्याच्या लिदीच्या धुरानें धूपन करण्याचा विधि शतपथ ब्राह्मणांत आहे. लिदीच्या धुरांत सुगंध शोधण्याचें साहस कोणी करणार नाहीं. वैदिकांचा हेतु तेथें याज्ञिक होता, आरोग्याचा नव्हता, हें मान्य करूनहि एवढें निश्चित म्हणतां येईल कीं, मातीचें पात्र महत्त्वाच्या कामीं योजण्यापूर्वीं त्याला धूर दाखवावा ही हस्तपरंपरा वैद्यांना वारशानें मिळालेली होती. धुरांत फिनॉल जातीचीं व इतर जंतुनाशक द्रव्यें असतात, हें आजच्या रसायनशास्त्रानें सांगितलें. परंतु त्यासाठीं प्रयोगशाळेंत जाण्याचेंहि कारण नाहीं. आमच्या घरच्या स्त्रिया लोणचें भरण्यापूर्वीं बरणी कढत पाण्यानें धुऊन, कडक उन्हांत वाळवून, निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर ती पालथी धरतात. बरणीला हिंगाची धुरी आणि कलशाला अगुरूची धुरी यांत मला तरी जातिभेद दिसत नाहीं.

परदेशांतहि याचीं भावंडें आढळतात. रोमन शेतकी ग्रंथकार कोलुमेल्ला (इ. स. चें १ लें शतक) द्राक्षमद्याचे मातीचे रांजण आंतून डांबरासारख्या राळेनें मढविण्याची कृति विस्तारानें देतो, तेथें राळ, येथें तूप. पुढें युरोपांत लांकडी पिंपांत गंधक जाळून मग मद्य भरण्याची पद्धति रूढ झाली व ती अद्यापि चालू आहे. छिद्रें बुजवा आणि धूर द्या, या दोन गोष्टी दोन्हीकडे स्वतंत्रपणें सुचल्या असाव्यात; कोणी कोणाकडून घेतल्या हा वाद येथें उपस्थित करण्यास आधार नाहीं.

ही पात्रशुद्धि धर्मशास्त्रांतील द्रव्यशुद्धीशीं ताडून पाहण्यासारखी आहे. मनूच्या पांचव्या अध्यायांत तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील, शिसें यांचें शौच क्षार, आम्ल व उदक यांनीं यथायोग्य करावें असें आहे. आज बिअरच्या कारखान्यांतील पोलादी टांक्या प्रथम दाहक क्षाराच्या द्रावणानें, मग आम्लानें आणि मधून मधून पाण्यानें धुतात. क्षारानें चिकटा व स्निग्धांश सुटतो, आम्लानें पाण्यांतील चुन्याचा थर सुटतो. क्रम जुळतो म्हणून मनूला कारखानदार ठरवूं नये. त्याचा ‘यथायोग्य’ हा शब्द कोणत्या धातूस काय, हें वेगवेगळें सांगतो, एकामागून एक धुण्याचा क्रम सांगत नाहीं. तथापि कोणत्या मळास कोणतें द्रव्य, ही जाण त्यामागें आहे. क्षाराची वाण आमच्या जिल्ह्याला कधींच नव्हती. लोणारच्या सरोवरांतून निघणाऱ्या खारांचे डल्ला, निमक, खुप्पल, पापडी, भुस्की असे भेद एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज लेखकांनीं नोंदले आहेत; आणि त्याच्याहि आधीं, अकबराच्या काळीं, लोणार येथें काच व साबण यांस लागणारीं द्रव्यें मिळतात अशी नोंद आईन-इ-अकबरींत आहे.

मातीच्या पात्रासंबंधानें मात्र धर्मशास्त्र आणि वैद्यक यांची फारकत होते. मातीचें भांडें दूषित झालें तर पुनःपाकानें, म्हणजे पुन्हां भट्टींत भाजून, शुद्ध होतें असें मनु म्हणतो. आणि लगेच अपवाद सांगतो कीं, मद्य, मूत्र, पुरीष इत्यादिकांचा संसर्ग झालेलें मृत्पात्र पुनःपाकानेंहि शुद्ध होत नाहीं. वसिष्ठधर्मसूत्रांतहि हाच अभिप्राय आहे. कांहीं आधुनिक लेखक यावरून स्मृतिकारांस जंतुशास्त्र अवगत होतें असें सुचवितात. तें मला पटत नाहीं. भट्टीच्या तापांत मद्याचा अंश जितका जळतो तितकाच दुसऱ्या मळाचाहि जळतो. अग्नि असा भेद करीत नाहीं. भेद केला आहे तो धर्मानें, आणि त्याला दुसऱ्या शास्त्राचा आधार शोधण्याची गरज नाहीं. आपल्या दृष्टीनें लक्षांत घ्यावयाची गोष्ट निराळी आहे : ज्या पात्राला एक शास्त्र कायमचें टाकाऊ मानतें, त्याच पात्राला दुसरें शास्त्र ‘संस्कार’ करून घेतें, आणि दोन्हीं शास्त्रें एकाच घरांत, कित्येकदां एकाच रुमालांत बांधलेल्या पोथ्यांत नांदतात.

पाण्याचें प्रकरण याहून समृद्ध आहे. सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील ४५ वा अध्याय द्रवद्रव्यांचा. त्याचा आरंभच पाण्यानें होतो. तेथें गढूळ पाण्याचीं सात प्रसादनें दिलीं आहेत : कतक म्हणजे आपली निवळी, गोमेदक, कमळाचा गांठाळ कंद, शेवाळाचें मूळ, वस्त्र, मोतीं आणि मणि. पाण्याचें भांडें ठेवण्याचीं पांच साधनें आहेत, त्यांत फळी, मुंज गवताचें कडें व शिंकें हीं येतात. भांडें जमिनीला टेकूं नये हा हेतु. आणि पाणी गार करण्याचे सात प्रकार आहेत, त्यांत वाऱ्यावर ठेवणें, पंख्यानें वारा घालणें, शिंक्यांत टांगणें इत्यादि आहेत. परंतु याहून महत्त्वाचें वाक्य त्यांच्या आधीं आहे. पाणी ‘व्यापन्न’ म्हणजे बिघडलेलें असेल तर तें अग्नीवर उकळावें, किंवा उन्हांत तापवावें, किंवा लाल तापलेला लोखंडाचा गोळा, वाळू वा ढेकूळ त्यांत विझवावें, आणि मग नागचांपा, कमळ, पाडळ यांच्या फुलांनीं सुवासित करावें, असें तेथें सांगितलें आहे.

हे दोन उपाय वेगळे कां? या प्रश्नाचें उत्तर मला वाचनांत कोठें नीट मांडलेलें आढळलें नाहीं, म्हणून येथें थोडें थांबतों. कलुष पाणी आणि व्यापन्न पाणी हे दोन दोष आहेत. कलुष म्हणजे डोळ्यांना दिसणारा गढूळपणा, त्यावर निवळी. भांड्याच्या आंतल्या अंगाला निवळीचें बीं उगाळलें कीं मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून तळाशीं बसतात. मराठींत ‘निवळणें’ आणि ‘निवळी’ हे शब्द एकाच घरचे, हें शाळेंत मुलांना सांगतांना मला नेहमीं आनंद होत असे. परंतु पाणी निवळलें म्हणजे निर्दोष झालें असें नाहीं. दोष आंत मुरला असेल तर निवळी चालत नाहीं, आंचच लागते. सुश्रुतानें कलुषास अग्नि सांगितला नाहीं आणि व्यापन्नास केवळ निवळी सांगितली नाहीं, हा विवेक यादृच्छिक मानतां येत नाहीं. मनूनें सहाव्या अध्यायांत संन्यासधर्म सांगतांना निवळीचा दृष्टांत दिला आहे : कतकाचें फळ पाणी स्वच्छ करतें खरें, परंतु त्याचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी स्वच्छ होत नाहीं. दृष्टांतासाठीं अगदीं घरगुती वस्तु लागते. त्यावरून निवळीचा प्रचार किती सार्वत्रिक होता हें दिसतें.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंतील दकार्गल प्रकरणाच्या शेवटीं भांड्याऐवजीं सबंध विहिरीचाच विचार केला आहे. अंजन, नागरमोथा, वाळा, राजकोशातक, आंवळा व कतकफळ यांचें चूर्ण विहिरींत टाकावें. त्यानें गढूळ, कडवट, खारट, बेचव वा दुर्गंधि पाणी स्वच्छ व सुवासिक होतें, असें त्याचें म्हणणें. खारट पाण्याविषयींचा हा दावा आमच्या जिल्ह्यांत तरी कोणी मान्य करणार नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांत शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या बाजूस जो खारपाणपट्टा आहे, तेथील पाण्यांत विरघळलेलें मीठ कोणत्याहि चूर्णानें तळाशीं बसत नाहीं आणि उकळून तर तें अधिकच दाट होतें. मोताळ्याकडे घाटाच्या पायथ्याशीं विहिरी काळ्या पाषाणांत खोदलेल्या. तेथील पाणी गोड पण जड. तें उकळलें कीं भांड्याच्या बुडाशीं पांढरी खपली धरते, म्हणजे जडपणाचा बराचसा भाग उकळण्यानेंच निघून जातो. एकाच जिल्ह्यांत दहा कोसांच्या अंतरावर एका पाण्याला उकळणें उपकारक आणि दुसऱ्याला निरुपयोगी! संधानाला कोणतें पाणी घ्यावें याचा निर्णय ग्रंथ करून देत नाहीं. तो विहिरीवर जाऊन करावा लागतो. आजकाल नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो, ही एक नवी भर. धायटीच्या फुलांतील तुरट द्रव्यांशीं त्याचा संयोग झाला तर औषधी दवाखान्यासारखा वास येतो; पाणी उकळून वा रात्रभर उघडें ठेवून तो घालवावा लागतो. ब्लीचिंग पावडरीनें मडकें धुणारानें हें विशेष ध्यानांत ठेवावें, कारण सच्छिद्र मातींत ती पावडर जशी शिरते तशी निघत नाहीं.

पाणी उकळण्याच्या या प्रश्नांतच आसव व अरिष्ट यांच्या भेदाचें मर्म आहे असें मला वाटतें. शार्ङ्गधरानें मध्यमखंडाच्या दहाव्या अध्यायांत व्याख्या दिली आहे ती सर्वांस पाठ आहे : न शिजविलेलीं औषधें व कच्चें पाणी यांचें संधान तो आसव, क्वाथापासून केलेलें तें अरिष्ट. ही व्याख्या आपण वर्गीकरण म्हणून शिकतों. परंतु कृतीच्या दृष्टीनें पाहतां अरिष्टांत पाणी चतुर्थांश उरेपर्यंत आटलेलें असतें. त्यांत पूर्वींचें कांहीं जिवंत राहण्याचा संभव नाहीं. आसवांत मात्र पाणी व औषधें यांजबरोबर आलेले सर्व पाहुणे आंतच असतात. ‘अरिष्ट’ हा शब्द रिष् धातूपासून. ज्याला हिंसा, क्षति पोंचत नाहीं तें. सुश्रुतानें अरिष्टाला द्रव्यसंयोग व संस्कार यांमुळें गुणांनीं अधिक मानलें आहे. येथें पुन्हां ‘संस्कार’ हाच शब्द. तें टिकतें म्हणून अरिष्ट, अशी व्युत्पत्ति कोणी केल्यास मी तिला विरोध करणार नाहीं. मात्र ती सिद्ध झाली असेंहि म्हणणार नाहीं, कारण अशुभसूचक लक्षण हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वैद्यकांतच बसला आहे.

क्वाथ गाळून ‘शीत’ झाल्यावरच गूळ, मध व धायटीचीं फुलें घालावीत, हा दंडक पुन्हां पुन्हां येतो. मध तापवूं नये हा वैद्यकाचा सर्वसामान्य नियम आहेच. पण धायटीच्या फुलांनाहि तो लागू आहे, याचें कारण निराळें. त्या फुलांच्या मधुरसाबरोबर रानटी किण्व येतें. कढत रसांत तीं टाकलीं तर तें मरतें व संधानच होत नाहीं. पाणी उकळून परके जीव मारावयाचे आणि निववून आपले सोडावयाचे, असा हा क्रम आहे. दूध तापवून, कोमट करून, मग विरजण लावणाऱ्या घरांत तो समजावून सांगावा लागूं नये.

मानाविषयीं एक इशारा पोथी संपादकांना द्यावासा वाटतो. जेथें प्रमाण दिलेलें नाहीं तेथें एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध व दशमांश प्रक्षेप, असा शार्ङ्गधराचा नियम आहे. द्रोण २५६ पलांचा, तुला १०० पलांची. परंतु द्रवपदार्थ दुप्पट घेण्याची परिभाषा आहे. तिच्याप्रमाणें द्रव ५१२ पलें होतो आणि गूळ त्याच्या सुमारें पांचव्या हिश्शानें पडतो. ही परिभाषा विसरून २५६ पलांतच १०० पल गूळ व ५० पल मध घातला तर रस पाकासारखा दाट होतो, किण्वाचा जीव त्यांत गुदमरतो आणि संधान अडून बसतें. उलट गूळ कमी पडला तर अम्ल करणाऱ्या जंतूंस मोकळें रान मिळतें. म्हणजे गूळ हें येथें किण्वाचें अन्नहि आहे आणि पात्राचा पहारेकरीहि.

किण्वाचा विचार निघाला म्हणजे कौटिल्याकडे गेल्याखेरीज गत्यंतर नाहीं. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आलेल्या हस्तलिखितावरून आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें नसतें तर प्राचीन सुराविधीचें आपलें ज्ञान फार तोकडें राहिलें असतें. एका ताडपत्राच्या जुडग्याची ही किंमत. दुसऱ्या अधिकरणांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत ‘मेदक’ नामक सुरेचें मान दिलें आहे : पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व तीन प्रस्थ. अर्धा आढक म्हणजे दोन प्रस्थ. तांदूळ दोन प्रस्थ आणि किण्व तीन! मूळ धान्याहून विरजण अधिक. हा लेखकप्रमाद असावा अशी शंका प्रथमदर्शनीं येते. परंतु त्याच प्रकरणांत किण्व कसें बांधावें हें सांगतांना उडदाचें एक द्रोण पीठ व त्याहून तृतीयांशानें अधिक तांदूळ घेण्यास सांगितलें आहे. अर्थात् किण्वांतच भरपूर धान्य आहे. एवढें विरजण पडल्यावर पाण्यांतून वा पात्रांतून आलेल्या परक्या जंतूंना पाय रोवण्यास अवकाशच उरत नाहीं. पात्रशुद्धीची उणीव किण्वाच्या संख्याबळानें भरून काढण्याची ही युक्ति दिसते, आणि म्हणून हा पाठ बदलूं नये असें माझें मत आहे. वैद्यांनीं तूप व धूर यांचा मार्ग धरला, सरकारी सुरागारानें किण्वाचा धरला.

याच प्रकरणांत एक नियम असा आहे कीं, कुटुंबवत्सल लोकांना कार्यप्रसंगीं श्वेतसुरा किंवा औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मुभा असावी. उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळीं चार दिवस मद्य करण्याची सवलत असावी. आजचा कायदा इतका उदार नाहीं. वऱ्हाडांत १९३८ चा मध्यप्रांत-वऱ्हाड दारूबंदी कायदा आला, राज्यपुनर्रचनेनंतर १९४९ चा मुंबईचा कायदा लागू झाला. परवान्याशिवाय घरीं मद्य करणें हा महाराष्ट्रांत गुन्हा आहे. औषधी द्रव्यांचा प्रश्न बाळसरा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें जाऊन १९५१ सालीं त्यांना त्या कायद्याच्या कचाट्यांतून अंशतः वगळण्यांत आलें. म्हणून प्रयोग करूं इच्छिणाऱ्या वाचकांनीं परवानाधारक औषधशाळेचाच आश्रय घ्यावा. संशोधनाच्या सबबीवर पोलिस सोडतील अशी खात्री मी देऊं शकत नाहीं.

सौत्रामणीचा उल्लेख केल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं, परंतु तो थोडक्यांत करतों, कारण त्यावर स्वतंत्र लेख हवा. त्या यज्ञांतील सुरेसाठीं शष्प व तोक्म म्हणजे मोड आलेलें धान्य, लाह्या आणि नग्नहु नांवाचें किण्व लागतें. तीन रात्रीं संधान होतें. आणि सुरा केसांच्या गाळणीनें गाळतात. मोड आणलेलें जव हाच आजच्या बिअरचाहि पाया आहे.

युरोपांत या सर्व व्यवहाराचें कारण उलगडलें तें लुई पाश्चर यानें १८७६ सालीं बिअरवर लिहिलेल्या ग्रंथांत. बिघडलेल्या बिअरच्या प्रत्येक नमुन्यांत किण्वाखेरीज दुसरे जीव दिसतात, आणि ते पात्र, पाणी व हवा यांतून येतात, हें त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविलें. पुढें १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हान्सेन यानें एका पेशीपासून निर्भेळ किण्व वाढविलें. आमच्या वैद्यांना हे जीव दिसले नव्हते. त्यांना दिसला तो परिणाम : कोणत्या मडक्यांतला रस टिकतो व कोणत्यांतला नासतो. जें दिसलें नाहीं त्याचें श्रेय त्यांना देऊं नये. जें दिसलें तें त्यांनीं एका सप्तम्यंत पदांत नोंदवून ठेवलें आणि आपण तें गाळलें, हा दोष मात्र आपला.

माझ्या दुसऱ्या मडक्याची हकीकत सांगावयाची राहिली. नवें मडकें उन्हांत तापवून त्याला आंतून कोमट तूप चोळलें; जिरलें कीं पुन्हां चोळलें; असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशीं वर राहिलेलें तूप कढत पाण्यानें काढून टाकलें, कारण तें राहिलें तर खवट होतें. मडकें वाळल्यावर पिंपळी व अगरु यांची धुरी दिली आणि धूर आंत असतांनाच तोंड बांधलें. दुसऱ्या दिवशीं उकळून निवविलेला क्वाथ भरला व मडकें गव्हाच्या राशींत पुरलें. या वेळीं राशीला ओल आली नाहीं. महिन्यानें तोंड उघडलें तेव्हां वर साय नव्हती, रस निवळ होता आणि वास मधुर होता. एका मडक्यावरून सिद्धांत करतां येत नाहीं, हें मी जाणतों; पहिल्या खेपेस ऋतु वेगळा होता व पाणीहि न उकळलेलें होतें, तेव्हां यश तुपाचें किती, धुराचें किती आणि आंचेचें किती, हें यावरून निवडतां येत नाहीं. पुढील हिवाळ्यांत तीन मडकीं एकाच दिवशीं लावण्याचा विचार आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं शार्ङ्गधराच्या वा इतर वैद्यक ग्रंथांच्या जुन्या प्रति आहेत, त्यांनीं आसवारिष्टांच्या प्रकरणांतील पात्रवाचक पदें जशींच्या तशीं, दुरुस्ती न करतां, उतरवून मंडळाकडे पाठवावीं अशी विनंति आहे. विशेषतः समासांत कोणा वैद्यानें मराठींत टीप लिहिली असेल, तर ती अशुद्ध असली तरी सोडूं नये. तुपाचे डाग पडलेलीं पानें बहुधा वाचण्यास कठीण म्हणून बाजूला ठेवलीं जातात. तीं आधीं पाहावीं.